घरचा इंडिकेटर

घरचा इंडिकेटर म्हणजे स्टेशनावर न जाता स्टेशनावरची पाटी वाचण्याचे साधन. वाय-फाय असलेला एक मायक्रोकंट्रोलर, काडेपेटीहून लहान पडदा, चार तारा आणि मोबाइलचा जुना चार्जर एवढ्या ऐवजात तो तयार होतो आणि पुढची गाडी किती मिनिटांत येणार ते सांगत बसतो. हीच माहिती खिशातल्या मोबाइलवर फुकट आणि अधिक रंगीत मिळते, हा आक्षेप इंडिकेटर बनवणाऱ्यापुढे काढायचा नसतो. मोबाइल उघडला की गाडीच्या आधी तीन व्हॉट्सॲप ग्रुप दिसतात आणि त्यात गाडी जाते, हे उत्तर त्याच्याकडे तयार असते. उत्तर खोटे नाही, हीच त्यातली अडचण.

या छंदाला बरकत आली २०१४ मध्ये. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही चिप त्या वर्षी हौशी मंडळींच्या हाती लागली. तोवर एखाद्या सर्किटला वाय-फाय जोडायचे तर सर्किटपेक्षा वाय-फायचाच खर्च जास्त होई. ही चिप मात्र वडापावच्या हिशेबात बसणारी निघाली. २०१६ मध्ये तिची थोरली बहीण ईएसपी३२ आली. धाकटीचा वेग ८० मेगाहर्ट्झ आणि वापरायला मेमरी साधारण ८० किलोबाइट. थोरलीला दोन कोअर, वेग २४० मेगाहर्ट्झपर्यंत आणि मेमरी ५२० किलोबाइट. आज धाकटी चिप बसवलेला बोर्ड पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दोनतीनशे रुपयांत मिळतो. दुकानदार सवयीने "प्रोजेक्टला हवाय का?" असे विचारतो, आणि चाळिशी ओलांडलेले गिऱ्हाईकही खाली बघून "हो" म्हणते.

बोर्ड कुठल्याही गावी मिळतो. गाड्यांची माहिती मात्र कुठल्याही गावी मिळत नाही. त्यामुळे हे इंडिकेटर जिथे सुखाने नांदतात त्या शहरांत लंडनचा नंबर वरचा लागतो. तिथली ट्रान्सपोर्ट फॉर लंडन, म्हणजे टीएफएल, ही सरकारी संस्था आपल्या गाड्यांचे क्षणाक्षणाचे वर्तमान मागेल त्याला देते. नमुन्यादाखल डॉलिस हिल हे स्टेशन घ्यावे. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू याच डॉलिस हिल लेनवर आहे, त्यामुळे गणपतीला किंवा नाटकाला निघालेली बरीच मराठी पावले या स्टेशनावर उतरतात. इथे ज्युबिली लाइनची गाडी थांबते. एका बाजूची स्टॅनमोरकडे जाते, दुसऱ्या बाजूची स्ट्रॅटफर्डकडे. बाजूच्या रुळांवरून मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाड्या न थांबता धडधडत निघून जातात. फलाटावरच्या माणसांकडे ढुंकून न बघणारी फास्ट गाडी दिसली की मुंबईहून आलेल्या पाहुण्याला परकेपणा म्हणून वाटत नाही.

गाडी कुठे आहे हे स्वयंपाकघरातल्या चिपला अर्थातच ठाऊक नसते. ते सिग्नल यंत्रणेला ठाऊक असते, कारण तिला ठाऊक नसेल तर मागची गाडी पुढच्या गाडीला भेटायला येईल. ज्युबिली लाइन २०११ पासून पूर्णपणे स्वयंचलित सिग्नलवर चालते. गाडी आपला ठावठिकाणा यंत्रणेला कळवत राहते. त्यावरून टीएफएलची संगणकप्रणाली पुढच्या प्रत्येक स्टेशनाला गाडी किती सेकंदांत पोचेल याचा अंदाज बांधते, तो अंदाज सर्व्हरवर ठेवला जातो, चिप तो मागून आणते आणि पडद्यावर लिहिते. म्हणजे पडद्यावरचे 'तीन मिनिटे' हे ऐकीव ज्ञान असते, तेही तिसऱ्या तोंडचे. विलसडन ग्रीन स्टेशनाच्या अलीकडे कुणी दारात बॅग अडकवली तर त्या तीन मिनिटांची चार होतात, आणि चाराची पुन्हा तीन होतात. घरातल्या माणसांना यात इंडिकेटरचा दोष दिसतो.

टीएफएलने 'ट्रॅकरनेट' या नावाने भुयारी गाड्यांची ही माहिती २०१० मध्ये बाहेरच्यांना खुली केली, तेव्हा विचारणाऱ्यांची एवढी झुंबड उडाली की ती सोय काही काळ बंद ठेवावी लागली. पुढे बस, भुयारी रेल्वे, नदीतल्या बोटी अशा सगळ्यांच्या चौकशीला एकच खिडकी उघडण्यात आली. नाव न नोंदवता तिथे मिनिटाला ५० प्रश्न विचारता येतात, नोंदणी करून फुकटची किल्ली घेतली तर ५००. मूळ माहितीच साधारण अर्ध्या मिनिटाने ताजी होत असल्याने मिनिटाला दोन प्रश्न पुरे. नवशिका तरीही दर सेकंदाला विचारतो. प्रत्येक वेळी तेच उत्तर आल्यावर आपले यंत्र फार चपळ आहे अशी त्याची खात्री पटते.

प्रश्न विचारताना स्टेशनाचे नाव चालत नाही, सांकेतिक क्रमांक लागतो. डॉलिस हिलचा क्रमांक ९४०जीझेडझेडएलयूडीओएच. तो बिनचूक पाठवला की उत्तर येते आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. उत्तरात प्रत्येक गाडीमागे जवळपास एक किलोबाइट मजकूर असतो. गाडीचा क्रमांक, लाइनचे नाव, फलाट, दिशा, शेवटचे स्टेशन, गाडी सध्या कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये आहे, हा अंदाज कधी बांधला, तो किती वाजेपर्यंत धरून चालायचा, शिवाय टीएफएलच्या प्रणालीतले त्या नोंदीचे लांबलचक अंतर्गत नाव, हे सगळे प्रत्येक गाडीला पुन्हा नव्याने. एखाद्या मोठ्या घराण्याच्या लग्नपत्रिकेत सगळ्या काका-आत्यांची नावे वाचून झाल्यावर कोपऱ्यात मुहूर्त सापडतो, तसे या मजकुरात कुठेतरी 'किती सेकंद' ते लिहिलेले असते. इंडिकेटरला हवे असते तेवढेच, आणि गाडी कुठे जाणार ते.

त्यात गाड्या क्रमाने येत नाहीत. उत्तरातली पहिली गाडी ही फलाटावर येणारी पहिली गाडी असेलच असे नाही. ती अकरा मिनिटांनी येणारी असेल आणि दोन मिनिटांनी येणारी शेवटून दुसऱ्या ओळीत उभी असेल. सेकंदांप्रमाणे रांग लावण्याचे काम चिपचे. ज्यांनी हे वाचले नाही त्यांचा इंडिकेटर बरेच दिवस डॉलिस हिलला गाड्यांचा दुष्काळ दाखवतो. असा इंडिकेटर बघून घरातले कुणी टॅक्सी मागवते, आणि टॅक्सी स्टेशनासमोरून जाताना गाडी सुटताना दिसते.

मेमरी ८० किलोबाइट आहे हे इथे आठवावे. सुरक्षित जोडणी करायची म्हटली की त्यातला मोठा तुकडा सांकेतिक लिखाण उलगडण्यातच जातो. डॉलिस हिलचे उत्तर कसेबसे मावते. पण हौसेने किंग्ज क्रॉसचे विचारले, जिथे सहा लाइनी एकत्र येतात, की चिप ते उत्तर गिळायला जाते आणि बंद पडून पुन्हा चालू होते. चालू झाल्यावर ती पहिल्यांदा काय करते, तर किंग्ज क्रॉसचे विचारते. यावरचा तोडगा बेन्वा ब्लांशाँ या फ्रेंच प्रोग्रॅमरच्या आर्डुइनोजेसन या लायब्ररीत आहे. कोणत्या दोन गोष्टी हव्यात ते तिला आधी सांगून ठेवायचे; मग मजकूर समोरून वाहत जाताना ती तेवढ्याच टिपते आणि बाकीचा सोडून देते. घरातल्या बोलण्यालाही हीच पद्धत लावणारे लोक असतात, पण तिथे ती यशस्वी झाल्याचे ऐकिवात नाही.

सुरक्षिततेचे प्रकरण निराळे आहे. समोरचा सर्व्हर खरोखर टीएफएलचाच आहे ना, हे प्रमाणपत्र पाहून तपासावे असा नियम. बहुतेक जण तो नियम एका ओळीत रद्द करतात, आणि त्या ओळीतल्या आज्ञेचे नावच प्रामाणिकपणे 'सेटइनसिक्युअर' असे ठेवलेले आहे. स्वयंपाकघरातल्या पाटीवर कुणी भामटा स्टॅनमोरहून खोटी गाडी सोडील ही भीती कुणाला झोपू देत नाही असे नाही. उलट नियम पाळणाऱ्यालाच शिक्षा होते. चिपमध्ये ठेवलेल्या प्रमाणपत्राची मुदत संपली की इंडिकेटर मुका होतो. लेट्स एनक्रिप्ट या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधार असलेले एक जुने मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले, तेव्हा जगभरची कित्येक जुनी यंत्रे एकाएकी इंटरनेटशी बोलेनाशी झाली. ज्यांनी काहीच तपासायचे नाही असे ठरवले होते त्यांना पत्ताही लागला नाही.

चिपला स्वतःचे पंचांग नसते. वीज आली की तिच्या लेखी १९७० साल उजाडते आणि खरी वेळ इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरकडून आणावी लागते. तो सर्व्हर ग्रिनिचची वेळ सांगतो. आपल्या गावाचा फरक आपण मिळवायचा. भारतात लिहिलेल्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये १९८०० हा आकडा आढळतो. साडेपाच तासांचे सेकंद तेवढेच होतात. पुण्यातल्या मित्राचा प्रोग्रॅम जसाच्या तसा उचलून लंडनला चालवला की सकाळी आठची गाडी दुपारी दीडला दिसते. तो आकडा काढून शून्य टाकला की सगळे सुरळीत होते, ते मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत. त्या दिवशी ब्रिटन घड्याळे तासभर पुढे करते, टीएफएल आपल्या नोंदी ग्रिनिचनेच ठेवते, आणि भिंतीवरचे घड्याळ पाहून वजाबाकी करणाऱ्या इंडिकेटरवर पुढची गाडी उणे सत्तावन्न मिनिटांत येते. शहाणे लोक घड्याळाच्या वाटेलाच जात नाहीत. उत्तरातले 'किती सेकंद' तेवढे वापरतात. पण मग कोपऱ्यात नुसती वेळही दिसू दे की, असे घरातून सांगण्यात येते.

पडद्याच्या बाबतीत लंडनची माहिती आणि चिपचा आवाका यांचे जमत नाही. सर्वांत स्वस्त ओएलईडी पडदा एका इंचाच्याही आत असतो; आडवे १२८ ठिपके, उभे ६४. सहा ठिपक्यांचे एक अक्षर धरले तर ओळीत इंग्रजीची २१ अक्षरे बसतात. टीएफएल मात्र स्टेशनाचे नाव सांगताना 'अंडरग्राउंड स्टेशन' हे बिरुद सोडत नाही, आणि नुसत्या स्ट्रॅटफर्डची त्यामुळे २९ अक्षरे होतात. शेपूट छाटावे लागते. कधीकधी गाडी कुठे जाणार हे टीएफएललाही सांगता येत नाही. तेव्हा त्या रकान्यात 'गाडीच्या पुढची पाटी पाहा' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर येतो. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला हा सल्ला उपयोगी आहे. कांदा चिरत असलेल्या माणसाला तो स्वयंपाकघरातून मिळतो.

ओएलईडीची आणखी एक खोड म्हणजे एकाच जागी सतत पेटणारे ठिपके लवकर मंदावतात. वर कायम झळकणारे 'डॉलिस हिल' काही महिन्यांनी फिके पडते, आणि क्वचित येणारे 'गाड्या उशिराने धावत आहेत' तेवढे ठसठशीत राहते. यावर उपाय म्हणून किंवा नुसत्याच हौसेने काही जण मोठा एलईडी फलक आणतात. तो ६४ बाय ३२ दिव्यांचा, नारिंगी ठिपक्यांत अक्षरे उमटवणारा, हुबेहूब फलाटावरच्यासारखा असतो. फलाटावरच्यासारखाच तो चाळीस फुटांवरून वाचता येतो. दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये रात्री त्याचे काय करायचे, हा प्रश्न बहुधा फलक लावून झाल्यावर निघतो.

मराठी माणसाने केलेल्या इंडिकेटरवर नावे मराठीत दिसावीत ही इच्छा स्वाभाविक आहे. छोट्या पडद्यांसाठी यू८जी२ नावाची लायब्ररी सर्रास वापरतात, आणि तिच्यात देवनागरीचा टाइपही आहे. मात्र ती अक्षरे एकापुढे एक ठेवण्यापलीकडे काही करत नाही. देवनागरी लिहिताना अक्षरांनी आपापसांत जागा बदलायच्या असतात, अर्धे व्हायचे असते, एकमेकांच्या डोक्यावर चढायचे असते. हे संस्कार तिच्यावर झालेले नाहीत. ऱ्हस्व वेलांटी साठवणीत अक्षराच्या मागे असते आणि दिसायला पुढे हवी. इथे ती मागेच राहते, म्हणून विलसडनचा 'वि' जन्मभर चुकलेला दिसतो. जोडाक्षर आले की पाय मोडल्याची खूण उघडी पडते, आणि स्ट्रॅटफर्डमध्ये तर 'स्ट्र' आणि रफार दोन्ही आहेत. ते नाव पडद्यावर उतरते तेव्हा एखाद्या अपघातस्थळाचा पंचनामा वाटतो. शेजारचे नीझडन त्यातल्या त्यात शाबूत उतरते, पण जायचे असते स्ट्रॅटफर्डला. अखेर प्रत्येक नावाचे संगणकावर चित्र काढून ती चित्रेच चिपमध्ये साठवतात. ज्युबिली लाइनवर सत्तावीस स्टेशने आहेत, म्हणजे सत्तावीस चित्रे. हे काम संपवलेला माणूस नंतर कितीतरी दिवस कुणी मराठीत 'शुद्धलेखन' हा शब्द उच्चारला तरी उठून जातो.

वाय-फाय या प्रकरणात नाजूक आहे. ईएसपी८२६६ला फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ऐकू येते. नव्या राउटरने ते बंद ठेवले असेल तर इंडिकेटरच्या लेखी घरात इंटरनेटच नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच २.४ च्या आसपास काम करतो. इंडिकेटर बहुतेक घरांत स्वयंपाकघरात लागतो, कारण सकाळी सगळे तिथेच असतात. आणि सकाळीच डब्याची भाजी गरम होते. भाजी गरम होईपर्यंत काही घरांत गाड्या येत नाहीत. घरातल्या कुणी राउटरचा पासवर्ड बदलला तर चिप जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोठावत राहते, कारण तो प्रोग्रॅममध्येच लिहिलेला असतो आणि प्रोग्रॅम ज्या लॅपटॉपवर होता तो लॅपटॉप आता मुलीकडे आहे.

वायरीचेही असेच. वाय-फायवरून बोलताना चिप क्षणभर एकदम जास्त वीज ओढते. खणातली सर्वांत जुनी केबल या कामाला लावलेली असल्याने विजेचा दाब पडतो आणि चिप नेमकी प्रश्न विचारतानाच झोपते.

पण या सगळ्यांत घातक दोष म्हणजे इंडिकेटर चालू आहे असे दिसणे. इंटरनेट गेले आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्याचा विचार केला नसेल तर पडद्यावर शेवटचे उत्तर तसेच राहते. दोन मिनिटे. अर्ध्या तासानेही दोन मिनिटे. कोरा पडदा कुणाला फसवत नाही. 'दोन मिनिटे' मात्र अख्ख्या कुटुंबाला चपला घालून बाहेर काढते. म्हणून शेवटचे उत्तर मिळून दीडेक मिनिट उलटले की आकडे पुसून टाकावेत. तसेच 'गाड्या नाहीत' आणि 'माहिती नाही' यांत फरक दाखवावा. रात्री एकनंतर गाड्या नसणे हे लंडनमध्ये बहुतेक दिवशी खरे असते. फक्त शुक्रवार-शनिवारी ज्युबिली लाइन रात्रभर चालते, आणि तेव्हा रिकामा पडदा खोटे बोलत असतो.

एवढे झाल्यावर उरते घरापासून स्टेशनापर्यंतचे चालणे. ते वजा केले नाही तर इंडिकेटर आपल्याला न मिळणाऱ्या गाड्यांची माहिती मोठ्या तत्परतेने देतो. म्हणून 'चालायला सात मिनिटे' असा आकडा प्रोग्रॅममध्ये घालतात, आणि त्याआतल्या गाड्या पडद्यावर येतच नाहीत. हा आकडा ठरवताना घरात एकमत होत नाही. आजोबांची सात मिनिटे निराळी, नातवाची निराळी. आणि "निघालेच" म्हटल्यापासून प्रत्यक्ष दाराला कुलूप लागेपर्यंतचा काळ टीएफएलच्या कोणत्याही नोंदीत मिळत नाही. सिग्नल यंत्रणेने सेकंदासेकंदाने मोजून दिलेली गाडी या टप्प्यावर येऊन 'पाच मिनिटं थांब' या परिमाणात मोजली जाते.

मुंबईत अडचण नेमकी उलटी आहे. लोकलच्या इंडिकेटरवरची भाषा जणू २१ अक्षरांच्या पडद्यासाठीच घडवलेली. वेळ, एकदोन अक्षरांत शेवटचे स्टेशन, फास्टला 'एफ' किंवा स्लोला 'एस', आणि डबे बारा की पंधरा, की झाली ओळ. मध्य रेल्वेवर कर्जतला 'एस' आणि कसाऱ्याला 'एन' म्हणतात, कारण कल्याणपुढे एक फाटा आग्नेयेला जातो, दुसरा ईशान्येला. एकाच ओळीत कर्जतचा 'एस' आणि स्लोचा 'एस' शेजारी उभे राहिले तरी डोंबिवलीकराचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो त्याच्या पुण्याच्या पाहुण्याचा, आणि मग तो पाहुणा बदलापूर पाहून येतो. ही ओळ धाकट्या चिपच्या मेमरीत अंग चोरूनही बसली असती. पण लंडनसारखी कुणाच्याही चिपने येऊन विचारावे अशी खुली खिडकी लोकलसाठी नाही. मध्य रेल्वेच्या 'यात्री' ॲपवर २०२२ पासून लोकल नकाशावर सरकताना दिसते. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या इंजिनांवर इस्रोच्या मदतीने बसवलेली यंत्रे दर ३० सेकंदांनी ठावठिकाणा कळवतात. हे सगळे माणसाने डोळ्यांनी बघायचे आहे, दोनशे रुपयांच्या बोर्डाने नव्हे.

म्हणून मुंबईचा हौशी इंडिकेटर छापील वेळापत्रकावर चालतो. सगळ्या गाड्या आधीच चिपमध्ये भरून ठेवायच्या आणि घड्याळ बघून पुढची दाखवायची. यात फसवणूक आहे असे मुंबईकराला वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने '८:४२' हे गाडीचे नाव आहे. आठ एकोणपन्नासला आली तरी ती ८:४२च राहते. तिच्यात ठरलेला डबा, ठरलेली माणसे आणि ठरलेली चौथी सीट असते. लंडनच्या गाडीला असे नाव नसते, ती नुसती तीन मिनिटांवर असते आणि ती गेली की पुढची. वेळापत्रकाचा इंडिकेटर सोमवार ते शनिवार चोख काम करतो. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, पश्चिम रेल्वेवर त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात. त्या दिवशी रद्द झालेल्या साऱ्या गाड्या या पडद्यावर मिनिटाचाही उशीर न करता येतात आणि वेळेवर सुटतात.